नाईल क्रूझ: एडफू, कोम ओम्बो आणि टिपची धास्ती

प्रश्न: जानेवारीत आम्ही इजिप्तला चाललोय, लक्सर ते अस्वान चार रात्रींची नाईल क्रूझ आहे. सोबत सासूबाई (वय ६८, पक्क्या शाकाहारी, गुडघे दुखतात) आणि बारा वर्षांचा मुलगा. एका दिवशी सकाळी एडफू, संध्याकाळी कोम ओम्बो आणि मधे नुसतं 'सेलिंग' असं लिहिलंय. सगळे सांगतात की तिकडे पावलोपावली पैसे मागतात, विक्रेते पाठ सोडत नाहीत, त्यामुळे ह्यांनी तर ठरवूनच टाकलंय की बोटीतून उतरायचंच कमी. काय करावं? शिवाय बोटीवर गलाबिया (तिकडचा पायघोळ झगा) पार्टी असते म्हणे, त्याचे कपडे इथून न्यायचे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: उतरा हो, आणि मिस्टरांनाही उतरवा! पैसे मागतात हे खरंय, पण रीत माहीत असली की त्रास निम्मा होतो. तिथे बारीकसारीक कामाचीही टिप द्यायची पद्धतच आहे, बॅग उचलली, बाथरूममध्ये हातात टिश्यू दिला, की थोडे पैसे द्यायचे, आणि तिथले लोक आपापसातही देतात, फक्त टुरिस्टांसाठी काढलेलं नाही ते. त्यामुळे लक्सरलाच लहान नोटा करून घ्या आणि वेगळ्या खिशात ठेवा, मोठं पाकीट बाहेर काढूच नका. देवळात एखादे गलाबियावाले काका खुणावून कोपऱ्यात नेतील, एखादं चित्र दाखवतील आणि हात पुढे करतील. बघायचंय तर बघा आणि द्या, नको तर पहिल्यांदाच छातीवर हात ठेवून हसून "ला, शुक्रन" (नको, धन्यवाद) म्हणा आणि चालत राहा. थांबून भाव विचारला की तुम्हाला घ्यायचंय असंच ते धरतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

एडफूला सकाळी लवकर निघावं लागतं, जानेवारीत तेव्हा चांगली थंडी असते, सासूबाईंना शाल असू द्या. धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून लावतात, तुमची बाहेरच्या बाजूला असली तर दोन-तीन बोटींच्या लॉबीतून चालत किनाऱ्यावर जायचं, मुलाला भारी मजा येईल. देवळापर्यंत घोडागाडीने नेतात, पण घोडे कधी कधी इतके खंगलेले असतात की माझं मत विचाराल तर गाइडला आदल्या रात्रीच सांगून मोटार ठरवा, गुडघ्यांनाही तेच बरं. देऊळ होरसचं, म्हणजे ससाण्याच्या रूपातल्या देवाचं, इ.स.पू. २३७ मध्ये बांधायला घेतलं आणि पूर्ण व्हायला इ.स.पू. ५७ उजाडलं. पुढे ते वाळूत इतकं गाडलं गेलं की १८६० नंतर उपसून काढावं लागलं, म्हणून तर एवढं शाबूत आहे. आत छताकडे बघा, काजळी धरून काळं झालंय. आणि मुलाला बाहेरच्या तटाच्या आतल्या अंगाला न्या, तिथे होरस पाणघोड्याला भाल्याने टोचतोय, तो पाणघोडा म्हणजे त्याचा वैरी सेत, पण कोरलाय एवढुसा.

आता ते 'सेलिंग'. जेवून झोपू नका, हे मी अगदी मनापासून सांगतेय. दुपारभर डेकवर बसा, दोन्ही काठांना खजूर, केळी, ऊस, पाण्याशी म्हशी, पांढरे बगळे आणि हिरव्या पट्ट्याच्या मागे लगेच वाळवंट. एडफू सोडल्यावर काही तासांनी गेबेल सिलसिला लागतं, नदी अरुंद होते आणि दोन्हीकडे वालुकाश्माच्या जुन्या खाणी दिसतात. त्या मोठमोठ्या देवळांचा दगड इथूनच होडीने गेला. अनाउन्समेंट होईलच असं नाही, गाइडला वेळ विचारून ठेवा.

कोम ओम्बो अगदी नदीकाठी आहे, थोडी चढण आहे पण हळूहळू जमेल. एका देवळात दोन देव, मगरमुखी सोबेक आणि हारोएरिस म्हणजे थोरला होरस, म्हणून दारं, गाभारे सगळं जोडीने. बाजूच्या म्युझियममध्ये मगरींच्या ममी आहेत, ते सोडू नका. तिथली खोल विहीर पण बघा, पुराचं पाणी त्यात किती चढतं ते मोजायचे आणि त्यावर त्या वर्षीचा कर ठरायचा. १९७० मध्ये अस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि पूर यायचाच थांबला.

सासूबाईंच्या जेवणाचं टेन्शन नको. कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोचा सॉस आणि तळलेला कांदा), फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची उसळ, तामेया म्हणजे त्याच दाण्यांचे वडे, सगळं शाकाहारी. फक्त सूप आणि भाज्यांमध्ये मांसाचा स्टॉक नाही ना, ते पहिल्याच दिवशी शेफला विचारा. लाल अंबाडीच्या बोंडांचं करकदे सरबत त्यांना नक्की आवडेल.

कपडे इथून नेऊ नका. एडफूच्या आधी एस्नाच्या लॉकशी (पाण्याची पातळी बदलून बोटी पुढे सोडणाऱ्या दारांशी) बोटी रांगेत थांबतात, तेव्हा विक्रेते छोट्या होड्यांतून येतात आणि गलाबिया प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट डेकवर फेकतात. पिशवी उघडायच्या आधी वरूनच भाव ठरवा, बिनधास्त घासाघीस करा, पटलं तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाका, नाही पटलं तर माल जसाच्या तसा परत करा.