जग्लर, जुगलबंदी आणि ज्वेल

'जग्लर दोन्ही हातांनी चेंडू झेलतो, म्हणजे तो शब्द आपल्या जुगलबंदीतल्या जुगलवरूनच गेला ना?' नाही! ही व्युत्पत्ती इतक्यांदा ऐकलीय की आता डोकं उठतं. जुगल म्हणजे संस्कृत युगल, धातू युज्. त्याचं लॅटिन भावंड हवंच असेल तर 'युगुम', म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. जग्लरचं घराणं वेगळं.

लॅटिन 'योकुस' म्हणजे थट्टा. त्यावरून 'योकुलातोर', थट्टेखोर, विदूषक. मित्र अॅटिकसला लिहिलेल्या एका पत्रात रोमन वक्ता सिसरो म्हाताऱ्या स्केव्होला या कायदेपंडिताला हेच विशेषण लावतो. पुढे स्पॅनिशात हुग्लार, इटालियनमध्ये जुल्लारे. फ्रेंच रूपात मात्र बडबड्या अर्थाचा दुसराच शब्द घुसला आणि मधे 'न' हा ध्वनी चिकटून 'झाँग्लर' झाला. गाणं, गोष्ट, हातचलाखी, सगळं एकाच माणसाकडे. चेंडू झेलणं फार उशिराचं. आणि मान किती! 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमिनींच्या सरकारी नोंदवहीत, ग्लॉस्टरशरमधला बर्डिक 'राजाचा योकुलातोर' म्हणून नोंदलाय, नावावर तीन गावांसकट.

पण याच घरातलं खरं रत्न म्हणजे ज्वेल. हो, दागिना! जुन्या फ्रेंचमधला 'जोएल' हा 'योकालिस'चा, म्हणजे मन रमवणाऱ्या वस्तूचा वंशज. काही कोशकार तो 'गौदिउम' म्हणजे आनंद या शब्दाशी जोडतात आणि इटालियन 'जोया'कडे बोट दाखवतात, कारण त्याचे आनंद आणि रत्न असे दोन्ही अर्थ आहेत. अहो, पण तो इटालियन शब्द स्वतःच फ्रेंचकडून उसना घेतलेला! निवाडा फ्रेंचमध्येच व्हायला हवा, आणि तिथले ध्वनी साफ बोलतात. लॅटिन 'लोकारे'मधला क गळून 'लुए' झालं, 'योकारे'मधला गळून 'झुए' झालं; तसाच 'योकाले'चा, म्हणजे 'योकालिस'च्याच एका रूपाचा, 'जोएल'. 'गौदिउम'चा सरळ वंशज 'झ्वा' म्हणजे आनंद, तो आपल्या जागी सुखात आहे. त्याच्यातून 'जोएल' ओढून काढायला मधे एक काल्पनिक रूप घालावं लागतं. 'योकाले'चं अनेकवचन 'योकालिया' मात्र मध्ययुगीन लॅटिन याद्यांत दागिन्यांसाठी पानोपानी सापडतो. हा कारकुनांनी मागाहून बेतलेला शब्द, असं ते 'गौदिउम'वाले कोशकार म्हणतात. बेतला असेलही, पण बेतताना त्या कारकुनांच्या कानाला 'योकुस'च ऐकू आला, 'गौदिउम' नाही. फ्रेंच रोज बोलणाऱ्या माणसांचा तो कान आहे. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.