आधी मूठ वळून बघा, मग कुदळ घ्या

विश्रामबागेतलं नवं घर, मागं दहा बाय पंधरा फुटांचा तुकडा, त्यात पावसाळ्यात माजलेलं तण, आणि दसऱ्याच्या सुट्टीत सगळं खणून, चुना टाकून जमीन पुढच्या मोसमासाठी तयार ठेवायची, असं तुम्ही लिहिलंय. चुन्याचा सल्ला कुठल्या तरी थंड मुलुखातल्या व्हिडिओतला दिसतोय. तिकडं या दिवसांत बाग झाकून ठेवतात, कारण पुढं बर्फ असतो. आपल्याकडं मेथी-पालकाचा, कोबी-वाटाण्याचा खरा हंगाम आत्ता सुरू होतो. त्यामुळं पुढचा मोसम म्हणजे येते तीन-चार आठवडे.

पण घाई नको. सांगलीची काळी माती ओली असताना खणली की वाट लागते. पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. परतीचा पाऊस उघडला आणि दुसऱ्याच दिवशी हौसेनं टिकाव घातला. चार दिवस ऊन पडल्यावर नारळाएवढी ढेकळं झाली, फोडता फोडता हाताला फोड आले, आणि मेथी उगवली ती इथं चार, तिथं दोन. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कडक, खणण्याजोगी होऊ द्या. वीतभर खालची माती मुठीत दाबा, गोळा झाला की कमरेच्या उंचीवरून खाली टाका. फुटून भुगा झाला तर खणा. चपटा होऊन तसाच बसला तर अजून दोन-तीन दिवस चहा पीत बसा.

तोवर तण काढा. गाजरगवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून, अंगाला खाज सुटते. लव्हाळा मात्र नुसता उपटून जात नाही, खाली गाठी राहतात आणि कुदळीनं त्या रानभर पसरतात. खुरप्यानं खोलवर जाऊन गाठीसकट काढावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. कोबी, टोमॅटोची रोपं याच काळात आडोशाला ट्रेमध्ये टाका, लावायला येईपर्यंत पंचवीस-तीस दिवस जातातच.

आता चुना. काळी माती मुळातच चुनखडीची आणि अल्कधर्मी, तिला आणखी चुना घातला तर लोह झाडाला मिळेनासं होतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की समजायचं. चुलीच्या राखेचाही मारा नको. आणि वाळल्यावर मातीवर पांढरा थर धरत असेल तर आधी माती परीक्षण करून घ्या. मिरज, वाळवा, पलूस भागात क्षारपड जमीन काही नवी नाही.

घालायचंच तर शेणखत घाला. तुमच्या तुकड्याला तीस-पस्तीस किलो, म्हणजे तीन-चार घमेली पुरे. पण ते काळं, भुसभुशीत, वास नसलेलं हवं. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं कुरतडणारी अळी, बागेत येते. ऊसवाल्याला विचारा ती काय चीज आहे. खत पसरायच्या आधी फावड्यानं उलथून बघा, तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांपुढं टाका.

मग तीन फूट रुंद, वीतभर उंच गादीवाफे करा. मधे पाय ठेवायला वाट सोडा, वाफ्यावर कधीच चढायचं नाही. रोपं रुजली की वर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, अंथरा. कारखाने सुरू झाले की कुठल्याही उसाच्या रानात मागितलं तर फुकट मिळतं. ते मातीत गाडू मात्र नका, कुजताना नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. वरच राहू द्या, ओल धरतं.

कुंपणाकडेला आधीच्या मालकांनी लावलेली हळद आहे म्हणता, तिकडं टिकाव नेऊ नका. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली असली तर जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळल्यावरच काढायची. लसूण लावायचा असेल तर दिवाळीच्या आत पाकळ्या टोचा, टोक वर ठेवून. आणि मूठ वळून बघितलीत की काय झालं ते कळवा.