झेड ड्राइव्ह उघडतो, पण रात्रीचा बॅकअप नॅसपर्यंत पोचत नाही

दादा, तुमचं सगळं वाचलं. बेळगावच्या उद्यमबागेतलं वर्कशॉप, ऑफिसच्या पीसीवर विंडोज ११ प्रो, कपाटावर दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवर फाइल साठवायचा डबा), दिवसा नॅसला जोडलेल्या झेड ड्राइव्हवर क्लिक केलं की ड्रॉइंगचे फोल्डर दिसतायत, बॅकअप हाताने चालवला तरी होतोय, आणि रात्री साडेअकराचा शेड्यूलवाला मात्र रोज सकाळी लाल, 'नेटवर्क पाथ सापडला नाही'. वर कुणीतरी तुम्हाला नॅस फॉर्मॅट करून बघा म्हणून सांगितलंय. तसलं काही करू नका ओ! दिवसा उघडतोय म्हणजे नॅस, केबल, स्विच सगळं जिवंत आहे.

गोम त्या झेडमध्ये आहे. झेड हा तुमच्या लॉगिनचा आहे, अख्ख्या पीसीचा नाही. तुम्ही सकाळी पासवर्ड घालून आत आला की विंडोज तुमच्यापुरता तो ड्राइव्ह जोडून देतं. रात्रीचा बॅकअप बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावाने चालतच नाही, मागे एक सर्व्हिस (आपोआप चालणारा प्रोग्राम) असते ती लोकल सिस्टीम या विंडोजच्या स्वतःच्या खात्यानं चालते, तिला झेड नावाचं काही असतं हेच ठाऊक नसतं. रात्रपाळीच्या वॉचमनला गोडाऊन उघडायला सांगितलं नी किल्ली तुमच्या खिशात घेऊन तुम्ही घरी गेला, तसं झालंय हे. खात्री करायची असेल तर सर्व्हिसेस उघडा, तुमच्या बॅकअपची सर्व्हिस शोधा आणि उजवीकडचा 'लॉग ऑन ॲज' कॉलम वाचा, तिथं लोकल सिस्टीम लिहिलेलं असेल तर रोग सापडला म्हणायचा. आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून बघितलं, त्यात पण झेड दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय ना, त्याचं कारण पण जवळपास हेच, विंडोज ॲडमिनसाठी तुमचंच पण वेगळं सेशन धरतं नी त्यात तो ड्राइव्ह जोडलेला नसतो.

तर उपाय काय, जॉबमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये लावलेल्या त्या रात्रीच्या बॅकअपमध्ये, झेड लिहायचाच नाही. पूर्ण पत्ता लिहायचा, म्हणजे \\192.168.1.50\backup असा, आकडे अर्थातच तुमच्या नॅसचे. आणि त्याच जॉबच्या सेटिंगमध्ये नेटवर्क शेअरचं (नॅसवरच्या त्या फोल्डरचं) युजरनेम पासवर्ड विचारणारी जागा असते ती भरायची. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये पासवर्ड सेव्ह आहे म्हणून निवांत बसू नका, ती तिजोरी पण युजरप्रमाणे वेगळी असते, सर्व्हिसला तुमची उघडत नाही.

पासवर्ड कुठला घालताय ते पण बघा. विंडोजचा चार आकडी पिन इथं चालत नाही, पिन त्या एका पीसीपुरता असतो. माझं मत विचाराल तर नॅसवर बॅकअपसाठी एक वेगळा युजर करा, ॲडमिन नको, त्याला फक्त त्या एका शेअरवर रीड-राइट द्या. आणि तो पासवर्ड ऑफिसमध्ये कुणाला तोंडपाठ असायची गरज नाही. रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलंच तर ते तुमच्या लॉगिनला दिसणारे सगळे ड्राइव्ह लॉक करत सुटतं, म्हणून बॅकअपचा शेअर दिवसभर झेड म्हणून उघडा ठेवणं मला मुळातच पटत नाही. ड्रॉइंगसाठी एक शेअर, बॅकअपसाठी दुसरा, असं करा.

आपल्या भागातली एक भानगड सांगतो, बाहेरचे लोक हे सांगणार नाहीत. सरकारी अर्जासाठी बऱ्याच ऑफिसात नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर घातलेलं असतं. ते कन्नडवर राहिलं असेल नी तुम्ही पासवर्ड टाइप केला, तर ठिपकेच दिसतात, आत काय गेलं ते कळतच नाही. आधी नोटपॅडमध्ये टाइप करून बघा, मग कॉपी करून टाका. शेअरचं नाव पण साधं इंग्रजी, स्पेस न देता ठेवा. मराठी-कन्नड नावं नॅसला चालतात, पण जुनं बॅकअप सॉफ्टवेअर कधी कुठं अडेल सांगता येत नाही.

चुकीच्या पासवर्डनं अजून एक घोळ होतो. सॉफ्टवेअर रात्रभर परत परत ठोकत राहतं आणि नॅस त्या पीसीचा आयपीच (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) ब्लॉक करून टाकतो. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये त्याला ऑटो ब्लॉक म्हणतात, इतरांकडं पण असतं. मग तुम्ही पासवर्ड बरोबर केला तरी आत घेत नाही नी माणूस वेडा व्हायची पाळी येते. ओळखायची खूण म्हणजे त्याच वायफायवर मोबाइलवरनं नॅसचं लॉगिन होतं, पीसीवरनं होत नाही. सेटिंगमध्ये ब्लॉक लिस्ट असते, तिथनं तुमचा आयपी काढून टाका.

आता आयपी. पावसाळ्यात आपल्याकडं लाइटीचं काय असतं ते सांगायला नको, खानापूर साइडला तर बघायलाच नको. लाइट जाऊन आली की राउटर कधी कधी नॅसला दुसराच आकडा देतो, आणि जॉब बिचारा जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतो. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून नॅसचा आकडा पक्का करा. आणि संध्याकाळी शटर ओढताना कुणी मेन स्विच पाडून जात नाही ना, तेवढं पोराला विचारा.

एरर कोड बघायची सवय लावा, नुसतं 'फेल' वाचून काही कळत नाही. ५३ आला तर रस्ताच सापडला नाही, १३२६ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकलाय, ५ म्हणजे आत पोचला पण परवानगी नाही. १२१९ जरा चमत्कारिक आहे, एकाच नॅसला एकाच सेशनमधनं दोन वेगळ्या युजरनेमनं जायला गेलं की तो येतो, झेड तुमच्या नावाने जोडलेला असताना हाताने बॅकअप चालवताना तुम्हाला हाच भेटेल. तेव्हा नेट यूज कमांडनं जुनी जोडणी तोडा, नाहीतर एकीकडं नॅसचं नाव नी दुसरीकडं आयपी वापरा, विंडोज त्यांना दोन वेगळी मशिनं समजतं. ५३ आला तर पॉवरशेलमधनं नॅसचा पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगचं दार) उघडा आहे का तपासा, नुसता पिंग गेला म्हणून फाइल शेअरिंग चालेलच असं नाही.

पुढंमागं कधी दिवसा पण झेड उघडायचा बंद झाला तर मग विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आठवा. २०२४ च्या त्या अपडेटपासून विंडोज ११ प्रो शेअरवर गेस्ट म्हणून जाऊ देत नाही नी एसएमबी साइनिंग (फाइल शेअरिंगच्या निरोपांवर सही) मागतं, पासवर्ड न ठेवता उघडे टाकलेले शेअर त्यात अडकतात. रजिस्ट्री बदलून ते बंद करायचे व्हिडिओ ढिगानं आहेत, त्या नादाला लागू नका, नॅसवर युजर केला की काम भागतं. एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत चालू करा म्हणणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका, २०१७ चं वॉनाक्राय रॅन्समवेअर त्याच वाटेनं पसरलं होतं.

हे सगळं करूनही पहिला प्रयत्न फेल नी दुसरा पास असं दिसलं तर नॅसच्या डिस्क झोपलेल्या असतात, उठायला वेळ घेतात, जॉबमध्ये रीट्राय चालू करा. पीसी पण साडेअकराला स्लीपमध्ये जात नाही ना ते बघा.

बदल झाले की सॉफ्टवेअरचं मोठं 'बॅकअप नाऊ' बटण दाबून खूश होऊ नका, ते बऱ्याचदा तुमच्याच नावाने चालतं. दहा मिनिटं पुढची वेळ लावा, पीसीतनं साइन आउट करा आणि बाहेर चहा पिऊन या. झाला तर एक ड्रॉइंग परत काढून उघडून बघा. नाही झाला तर लॉगमधली एररची ओळ कोडसकट इथं टाइप करून टाका, मोबाइलनं स्क्रीनचा तिरका फोटो नको, आकडे वाचता येत नाहीत.