रात्री तीनची जाग

प्रश्न: वय ४९, भांडुपला राहते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, यांची नोकरी गेलेली, लेकीची बारावी. रात्री तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. कोणाला सांगू?

उत्तर: ताई, आईच्या आजारपणात मीही अशीच पंख्याकडे बघत पडून असायचे. एकदा दूध उतू गेलं आणि मी ओट्यापाशीच ढसाढसा रडले, तेव्हा कुठे भावाला फोन केला. तुम्ही तेवढं थांबू नका. सासूबाईंची औषधं, अंघोळ मिस्टरांकडे सोपवा. त्यांनाही हाताला काम हवंच असेल. पाळी जायच्या वयात झोप उडते, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. परळच्या केईएममध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री तीनलाच बोलावंसं वाटलं तर १४४१६ लावा: टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. आणि लेकीपासून काही लपवू नका, तिला सगळं कळतंय.