वाचकांचे प्रश्न : देवाचे गुण, धान्याच्या काट्यापाशी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मी एकत्र घेत आहे. तिघांनीही निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारली आहे : देव जसा आहे तसे आपण रोजच्या जगण्यात दिसावे, असे आपण ऐकतो आणि म्हणतो, पण ते दिसायचे कोठे? पहिल्या पत्राला मी अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील प्रश्न आपल्या मंडळ्यांत सहसा मोठ्याने विचारला जात नाही.

प्रश्न : मी एका बाजार समितीत धान्याच्या आडतीवर हिशेब लिहितो. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की माती-कचऱ्याच्या नावाखाली क्विंटलमागे दोन किलो कडता, म्हणजे वजनात कपात, धरायचा, अशी आमच्या आडतीवर पूर्वापार चाल आहे. माल स्वच्छ असला तरी धरायचा. हे नियमात बसत नाही, हे मालकही जाणतात. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, मात्र माझ्या हाताने लिहिली जाते. रविवारी पाळकसाहेब उपदेशात सांगतात की, देवाचे पवित्रपण आपल्या जीवनात दिसले पाहिजे. मी मान डोलावतो आणि सोमवारी पुन्हा कडता धरतो. मी दारू पीत नाही, उपासना चुकवीत नाही, दशमांश देतो. मग पवित्रपण नेमके कोठे दिसायचे असते? (सोलापूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : प्रिय बंधू, सप्रेम सलाम. तुमच्या प्रश्नाचे उत्तर ज्या अध्यायात आहे तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाही, कारण बायबलमधील लेवीय हे पुस्तक म्हटले की होमार्पणे, कुष्ठरोगाची लक्षणे आणि शुद्ध-अशुद्ध पशू एवढेच आपल्याला आठवते. या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात परमेश्वर मोशेला सांगतो की, इस्राएलाच्या सर्व मंडळीला हे कळव : तुम्ही पवित्र असा, कारण मी परमेश्वर तुमचा देव पवित्र आहे. ही आज्ञा एकट्या याजकांना नाही. ती शेतकऱ्याला आहे, मजूर लावणाऱ्याला आहे, न्याय करणाऱ्याला आहे आणि माप हातात धरणाऱ्यालाही आहे.

आता त्या वाक्यानंतर काय येते ते सावकाश वाचा. आईबापांचा मान, शब्बाथ, मूर्ती आणि शांत्यर्पणे यांच्या पाठोपाठ अध्याय शेतात उतरतो. पीक कापताना बांधाच्या कडेपर्यंत कापू नका आणि सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, कारण त्याला ते ऐकू येत नाही. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, कारण त्याला ते दिसत नाही. न्यायनिवाड्यात श्रीमंताची भीड धरू नका आणि गरिबाचीही बाजू घेऊ नका. आणि अध्यायाच्या शेवटाकडे येतो तो तुमचा काटा : खरा तराजू, खरी वजने, खरा एफा आणि खरा हिन. एफा हे धान्याचे माप होते आणि हिन तेल-द्राक्षारसाचे. पवित्रपणाची आज्ञा अशी आडतीच्या ओट्यावर येऊन थांबते.

त्या मापांच्या आज्ञेला जोडून परमेश्वर कारणही सांगतो, आणि मला ते फार मोलाचे वाटते. तो म्हणतो की, तुम्हांला मिसर (इजिप्त) देशातून बाहेर आणणारा परमेश्वर तुमचा देव मी आहे. काट्याचा आणि मिसराचा काय संबंध, असे प्रथम वाटते. पण बायबलमधील निर्गम या पुस्तकाचा ५ वा अध्याय उघडून पाहा. मिसराचा राजा फारो याने पेंढा देणे बंद केले आणि तरीही विटांचा आकडा पूर्वीइतकाच भरून मागितला, तेव्हा इस्राएली लोकांच्या पाठीवर मार बसला. ज्याच्या हाती मोजणी असते तो दुबळ्याचे काय करू शकतो, हे त्यांनी अंगावर सोसले होते. अशा जाचातून ज्याने सोडवले तो देव सांगतो की, आता मोजणी तुमच्या हाती आली आहे, तर तुम्ही फारोचे मुकादम होऊ नका. आपण पाळकसाहेबांच्या तोंडून ‘देवाचे पवित्रपण’ हे शब्द ऐकतो तेव्हा त्यांत हे सोडवणारे देवपण भरलेले असते. दारू न पिणे आणि उपासना न चुकवणे चांगलेच आहे, परंतु तेवढ्यावर पवित्रपण संपवून टाकण्याची जी सवय आपल्या मंडळ्यांना लागली आहे, तिच्यामुळे तुमच्यासारखा प्रामाणिक मनुष्य वर्षानुवर्षे गोंधळात राहतो, याचे मला मनापासून दुःख वाटते.

हे मी दुरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शेतात भुईमुगाची खुरपणी चालू होती. शनिवारी संध्याकाळी बायकांची मजुरी द्यायची होती आणि माझ्याजवळ पाचशेच्याच नोटा होत्या. सुटे नाहीत, सोमवारी सगळ्यांचे एकदम देते, असे मी सांगितले. बाकीच्या निघून गेल्या. एक बाई फाटकापाशी उभी राहिली. खुरपे पदराच्या टोकात गुंडाळलेले, पायांवर घोट्यापर्यंत चिखल वाळलेला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “बाई, जाताना दळण न्यायचं व्हतं.” मी पुन्हा सोमवारचेच सांगितले आणि रविवारच्या शाळेचा पाठ तयार करायला आत गेले. दुसऱ्या दिवशी उपासनेत अर्पणाची थैली माझ्यापुढे आली, तेव्हा मी पाकीट उघडले. त्यात अर्पणासाठी आठवडाभर वेगळ्या काढून ठेवलेल्या शंभराच्या दोन नोटा होत्या. आदल्या संध्याकाळी त्या घरातच होत्या आणि त्या मला सुट्या वाटल्या नव्हत्या. मजुरी सकाळपर्यंत ठेवू नका हे वचन मी मुलांकडून पाठ करून घेतलेले होते. सोमवारी मी मजुरी दिली, क्षमाही मागितली. तिने ती मोठ्या मनाने केली, परंतु शनिवारची रात्र तिच्या घरी कशी गेली हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता तुम्ही काय करावे? नोकरी उद्याच सोडा, असे मी सांगणार नाही; तुमच्या पाठीमागे कुटुंब आहे. प्रथम मालकांना एकांतात भेटा, बाजारात चारचौघांत नव्हे. या चालीमुळे तुमच्या मनावर काय ओझे आहे ते त्यांना स्पष्ट सांगा आणि स्वच्छ मालावरचा कडता तुमच्या हाताने लिहिला जाणार नाही, हेही नम्रपणे पण ठामपणे सांगा. ज्या पोत्यात खरोखर माती आहे त्याची माती शेतकऱ्यासमोर चाळून तोलावी, हा मार्ग त्यांच्यापुढे ठेवा. त्यात मालकाचेही नुकसान नाही. ते रागावतील, कदाचित तुम्हांला दुसरे काम पाहावे लागेल. तशी वेळ आली तर ही गोष्ट तुमच्या मंडळीच्या पंचांना कळू द्या, कारण अशा वेळी एका कुटुंबाला चार महिने सांभाळणे हे मंडळीचे काम आहे आणि ती ते करीत नसेल तर तिला त्याची आठवण करून दिली पाहिजे. मागे जे घेतले गेले त्याचे काय, असेही तुमच्या मनात येईल. जकातदार जक्कयाने प्रभूचे घरी स्वागत केल्यावर अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याचे कबूल केले, आणि ते त्याने कोणी न मागता केले. तुम्ही मालक नाही, म्हणून ते सर्व तुमच्या शिरावर नाही. परंतु ज्या एखाद्या शेतकऱ्याचा चेहरा तुम्हांला झोपू देत नसेल, त्याच्यापासून आरंभ करता येईल.

प्रश्न : माझ्या सासूबाई पक्षाघातामुळे तीन वर्षे अंथरुणावर आहेत. त्यांचे सर्व मीच करते. रात्री चौथ्यांदा हाक आली की माझा तोल जातो. मागच्या आठवड्यात मी त्यांच्यावर इतकी ओरडले की त्या रडल्या. देव मंदक्रोध आहे असे शास्त्रात वाचते आणि वाटते की, माझ्यात त्याचे काहीच उतरलेले नाही. आता प्रार्थनेलाही तोंड उघडत नाही. (ठाण्याच्या एक भगिनी)

उत्तर : प्रिय भगिनी, तुम्ही वापरलेला ‘मंदक्रोध’ हा शब्द निर्गमाच्या ३४ व्या अध्यायात येतो. त्याच्यामागे जे मूळ इब्री शब्द आहेत त्यांचा अक्षरशः अर्थ ‘लांब नाकाचा’ असा होतो. इब्री भाषेत राग नाकात पेटतो. आपणही म्हणतो की, अमक्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. लांब नाक म्हणजे राग शेंड्यापर्यंत यायला वेळ लागणे. देवाला राग येतच नाही, असे तेथे म्हटलेले नाही. आणि हे शब्द कधी उच्चारले गेले तेही पाहा : लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याच्यापुढे नाच केला, मोशेने पहिल्या पाट्या फोडल्या आणि दुसऱ्या पाट्या घेऊन तो पुन्हा डोंगर चढला, तेव्हा. म्हणजे देवाने आपली ही ओळख नुकत्याच चुकलेल्या माणसांना करून दिली. तुमचे तोंड प्रार्थनेला उघडत नाही ती वेळ आणि ती वेळ एकच आहे, असे समजून तोंड उघडा.

मात्र तुमचे पत्र वाचताना मला एक वाक्य खटकले : “सर्व मीच करते.” घरात तुमचे यजमान आहेत, त्यांच्या बहिणी असतील. तीन वर्षे एकटीने रात्री जागून कोणाचेही नाक लांब राहत नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला दिले. आठवड्यातल्या तीन रात्री यजमानांनी आईच्या खोलीत झोपावे, असे त्यांना सांगा. हे मागणे म्हणजे सेवेतून अंग काढणे नव्हे. आईची सेवा ही मुलाचीही आहे, हे त्यांना कळवणे आहे. महिन्यातून दोन दिवस नणंदांपैकी कोणी यावे. आणि सासूबाईंना एकदा सरळ सांगा की, “आई, त्या रात्री मी चुकले.” पक्षाघाताने त्यांना बोलता येत नसले तरी ऐकू येते. फळ देणारा पवित्र आत्मा आहे, आणि गलतीकरांस पत्रात सहनशीलतेला जे नाव दिले आहे ते फळाचे आहे. फळ झाडाला एका रात्रीत धरत नाही आणि झाड वाळू दिले तर मुळीच धरत नाही.

प्रश्न : आमच्या वाडीत ख्रिस्ती घर आमचे एकच आहे. शेजारच्या म्हाताऱ्या आजींना मी दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तेव्हा त्यांच्या सुनेने विचारले, “तुम्ही आमचं एवढं का करता?” मी “माणुसकी” एवढेच बोललो. मी प्रभूचे नाव घ्यायला हवे होते का? नाव घेतले असते तर मदतीमागे हेतू आहे असे तिला वाटले असते, ही भीती वाटली. (जालना जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : प्रिय बंधू, त्या सुनेने विचारला तोच प्रश्न एकदा पंडिता रमाबाईंनी विचारला होता. त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलम येथे आपले काम पाहायला पाठवले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आसरा दिला जात असे, आणि त्यांतील काही जणी आता स्वतःच दुसऱ्यांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांना कोणी इतक्या मायेने जवळ घेताना रमाबाईंनी त्याआधी पाहिले नव्हते. तुम्ही लोक हे का करता, असे त्यांनी त्यांना शिकवणाऱ्या भगिनीला विचारले. त्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा ४ था अध्याय उघडला आणि विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी प्रभू कसा बोलला ते वाचून दाखवले. ख्रिस्त हा खरोखर तारणारा आहे हे आपल्याला तो अध्याय वाचल्यावर उमगले, असे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभारले, तेव्हा तेथे अशाच टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन काढले.

यात क्रम कसा आहे तो पाहा. भगिनीने आधी पुस्तक उघडले नाही, रमाबाईंनी विचारल्यावर उघडले. परंतु विचारल्यावर ती गप्पही राहिली नाही. तुमच्या शेजारणीने विचारले होते. त्या वेळी “आमच्या प्रभूने आम्हांला असे सांभाळले, म्हणून” एवढे म्हटले असते तर त्यात हेतू कोठून आला? ते खरे होते. हेतूचा संशय तुमच्या उत्तराने येत नाही. दवाखान्याची फेरी आजी प्रार्थनेला आल्या तरच घालायची, असे तुम्ही ठरवले तर तो येईल, आणि रास्तपणे येईल. आजींना पुढच्या तपासणीला न्यायचे असेलच. सून पुन्हा विचारील किंवा विचारणार नाही. विचारले तर खरे कारण सांगा, आणि नाही विचारले तरी गाडी घेऊन जा.