येऊरची हरणं वाढली तर आवर कोण घालणार, बिबट्या की माणूस?

तुमचा प्रश्न असा, की येऊरच्या जंगलात (म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या भागात) वाघ नाही, शिकारीला बंदी आहे, मग हरणांची संख्या कोण ताब्यात ठेवतं. आणि अमेरिकेसारखे शिकारीचे परवाने आपल्याकडे का देत नाहीत.

मी वर्तकनगरला राहतो. एकदा बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेसाठी येऊरला रात्रभर मचाणावर बसलो होतो. पहाटेपर्यंत वहीत नोंद झाली ती सहा चितळ, एक भेकर आणि चार गावठी कुत्री. बिबट्या दिसला नाही, पण अडीचच्या सुमारास चितळाने धोक्याचा 'कॉल' दिला आणि पाण्यावरचा कळप क्षणात गायब झाला. शिकारी जनावराचं अर्धं काम हेच. ते नुसतं असलं, तरी हरणं एका जागी ठाण मांडून कोवळी रोपं फस्त करत नाहीत.

उरलेलं अर्धं काम पोटाचं. बिबट्याला वर्षाला साधारण पन्नास जनावरं मारावी लागतात. शिकारी प्राणी वर्षाला एकूण भक्ष्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास मारतात असा अभ्यासकांचा ढोबळ ठोकताळा आहे; म्हणजे एका बिबट्यामागे पाचशे जनावरं हवीत. 2015 च्या पाहणीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आसपास 35 बिबटे मोजले गेले. करा गुणाकार. साडेसतरा हजार! सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या जंगलात एवढी हरणं कुठून येणार?

मग हे बिबटे जगतात कशावर? त्याच सुमारास त्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. निम्म्याहून जास्त खाणं रानातलंच निघालं, पण जवळपास पाव हिस्सा कुत्र्यांचा होता. कुत्री पोसली जातात आपल्या उकिरड्यांवर. थोडक्यात, येऊरच्या चितळांना बिबट्या आवरतो आणि बिबट्याच्या जेवणात भर घालतो आपण, ओला कचरा उघड्यावर टाकून. शिवाय कुत्र्यांची टोळी पाडसांमागे लागते ती वेगळीच. नर सांबर मात्र बिबट्याला जड जातो, तिथे वाघाची उणीव राहतेच.

आता परवान्यांचं. अमेरिकेत पुष्कळ भागांतून लांडगे माणसानेच संपवले आणि मग ते काम बंदूकवाल्यांकडे आलं. आपल्याकडचं उदाहरण अंदमानचं. इंग्रजांनी तिथे चितळ नेऊन सोडले, बेटांवर त्यांना खाणारं मोठं जनावर नव्हतं, आणि चितळांनी जंगलात नवी रोपंच वर येऊ दिली नाहीत. तिथे माणसाने हात घालणं मला पटतं. येऊरला पटत नाही, कारण इथे शिकारी जनावर जागेवर आहे आणि हरणंच कमी पडतायत.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली हे खरं, पण पिकांचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना मारायची परवानगी त्यातूनही मिळू शकते. येऊरच्या पाड्यावर भाजी लावणाऱ्या एका काकांना मी विचारलं होतं, हरणांचा त्रास होतो का? त्यांनी आधी माकडं सांगितली, मग डुकरं, मग शनिवारी रात्री गाड्या घेऊन येणारे आपण ठाणेकर. हरणाचं नाव मलाच पुन्हा काढावं लागलं.