दुसऱ्यांदा गुडघा बदलताना : सीसीके की हिंज?

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी तिचा डावा गुडघा बदलला. दिवाळीपर्यंत ती बाजारहाट करून यायची. आता खुर्चीतून उठताना कळ येते आणि पाऊल टाकताना गुडघा बाहेरच्या बाजूला झुकतो. एक्स-रेत नडगीकडचा भाग सैल होऊन आतल्या बाजूला खचलेला दिसतो. एक डॉक्टर सीसीके (कन्स्ट्रेन्ड कॉन्डायलर नी, म्हणजे बाजूला कलू न देणारा कृत्रिम सांधा) इम्प्लांट सुचवतात, दुसरे रोटेटिंग हिंज (बिजागरीसारखा जोडलेला, पण थोडा फिरणारा सांधा). भाऊ म्हणतो, तिसरं ऑपरेशन नको, सगळ्यात मजबूत असेल ते बसवा. काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या भावाची काळजी रास्त आहे. पण हिंज भारी आणि सीसीके साधं, अशी प्रतवारी यात नाही. आईंच्या गुडघ्याचे लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे पट्टे) किती शाबूत आहेत, यावर निवड ठरते.

त्याआधी एक गोष्ट. सांधा सैल का झाला, हे कोणी तपासलं का? तुमच्या पत्रात ईएसआर, सीआरपी या सूज-संसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्यांचा उल्लेख नाही. सुईने सांध्यातलं पाणी काढून पेशी मोजायच्या आणि कल्चर लावायचं, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहायचं. ताप नाही, सूज नाही म्हणून जंतुसंसर्ग नाही, असं धरून चालू नका. ही तपासणी होईपर्यंत स्वतःहून अँटिबायोटिक मुळीच देऊ नका, कल्चर फसवं येतं. संसर्ग निघालाच तर बऱ्याचदा दोन टप्प्यांत काम होतं : आधी जुना सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर (मधली जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा), आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर नवा सांधा. मग इम्प्लांटचा विचारही नव्याने करावा लागतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. सीसीकेमध्ये मधल्या प्लास्टिकला उंच, रुंद खुंटी असते आणि ती मांडीकडच्या भागातल्या चौकटीत घट्ट बसते. त्यामुळे गुडघा बाजूला कलत नाही, पण वरचा आणि खालचा भाग एकमेकांना जोडलेला नसतो. आतल्या बाजूचं लिगामेंट पूर्ण गेलेलं असेल तर सगळा ताण त्या प्लास्टिकवर येतो आणि ते झिजतं, कधी मोडतं. हिंजमध्ये दोन्ही भाग आसाने जोडलेले असतात, दाराच्या बिजागरीसारखे. जुनी हिंज फक्त वाकायची आणि सरळ व्हायची. पायाला बसणारा प्रत्येक पीळ थेट इम्प्लांट हाडाला धरून ठेवणाऱ्या सिमेंटवर आणि हाडावर जायचा, म्हणून ती लवकर सैल व्हायची. रोटेटिंग हिंज थोडं फिरतं, त्यामुळे तो ताण कमी होतो, पण संपत नाही. इम्प्लांट गुडघ्याला जितकं जास्त धरून ठेवतं, तितका भार हाडातल्या पकडीवर पडतो. म्हणून सीसीकेवर भागत असताना हिंज बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आईंच्या बाबतीत एक शक्यता मला महत्त्वाची वाटते. आतल्या बाजूला सांधा खचला की तिकडचं लिगामेंट धड असूनही ढिलं लागतं. खचलेल्या जागी धातूचा ठोकळा घालून उंची भरून काढली की ते पुन्हा ताणलं जातं. तपासताना डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगी बाहेर ढकलतात. हलून हलून शेवटी ठाम अटकाव लागला तर लिगामेंट बहुधा जिवंत आहे आणि सीसीके पुरेल. अटकावच लागला नाही, किंवा हाडाचा फार मोठा भाग गेलेला असेल, गुडघा उलटा मागे जात असेल, तर हिंजच योग्य. खरा अंदाज जुना सांधा काढल्यावरच येतो. म्हणून सीसीके म्हणणाऱ्या डॉक्टरांना विचारा, ‘गरज पडली तर हिंज थिएटरमध्ये तयार असेल ना?’ उत्तर सरळ ‘हो’ यायला हवं.

भाऊ म्हणतात तो मजबूतपणा खरा पकडीत आहे. हाडाच्या पोकळीत जाणारा स्टेम, म्हणजे दांडा, आणि हाड पोखरलं असेल तिथे टँटलम किंवा टायटॅनियमचा सच्छिद्र कोन (शंकूसारखा तुकडा) किंवा स्लीव्ह (बाहीसारखा तुकडा), ज्याच्या छिद्रांत हाड वाढतं. दोन्ही डॉक्टरांना विचारा, पकड कुठे कुठे घेणार? नुसत्या पृष्ठभागावरच्या सिमेंटवर भागवणार असतील तर कारण विचारा.

खर्चाचं थोडक्यात : राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. रिव्हिजनसाठी, म्हणजे बदललेला सांधा पुन्हा बदलण्यासाठी, ती तेव्हा १,१३,९५० रुपये होती, जीएसटी वेगळा. सध्याची मर्यादा विचारून घ्या आणि स्टेम, कोन, ठोकळे यांची किंमत वेगवेगळी लिहून मागा.

पहिल्या ऑपरेशनची फाइल शोधून ठेवा. त्यात इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात : कंपनी, साइज, लॉट नंबर. जुना सांधा हाड न फोडता काढायला कुठली अवजारं लागतील, हे त्यावरून कळतं. फाइल सापडली नाही तर त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा, आणि तो याच आठवड्यात करा.